थांब की जरा

आमची महिंद्रा एमएम ५४० जीप १९९३ची. वयानं माझ्यापेक्षा मोठी. डिसेंबरातल्या एका वीकेंडला तुळजापूरजवळच्या आमच्या गावी गेलो, ते खरं तर आप्पांना 'आता विका ती जीप' हे सांगायलाच.

पहाटे आईला देवीला न्यायचं होतं. मी चावी फिरवली. खर्रखर्र, पांढरा धूर, बस्स. परत तेच. बॅटरी निम्मी.

आप्पा शाल गुंडाळून आले. "आरं, थांब की जरा. आधी हीटर लाव. माझं गुडघं नि हिचं इंजिन, दोघांना सकाळी वेळ द्यावा लागतोय."

डिझेलला ठिणगी नसते मंडळी, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेटतं. थंडीत ती उष्णता गार लोखंड खाऊन टाकतं, म्हणून आधी हीटर प्लग तापू द्यायचे. आप्पांनी वीस आकडे मोजले. इंजिन धडधडलं.

वाटेत उसाला पाणी दिलेलं, काळा चिखल. फोर व्हीलचा लिव्हर टाकला, निघालो. डांबरी लागताच आप्पा म्हणाले, "आता सोड." वळणावर पुढची-मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. कोरड्या रस्त्यावर चारी चाकं जुंपलेली ठेवली की सगळा ताण गिअरांवर येतो.

विकायचं काही बोललो नाही. परतताना एवढंच विचारलं, "हीटर प्लग नवे आणू का?"

असो. या शनिवारी चार प्लग घेऊन निघतोय.