मुक्कामांचा रस्ता

मुलांना घेऊन गाडीने लांब जायचं ठरलं की आपण आधी किलोमीटर मोजतो. आम्ही आधी मुक्काम ठरवले : पुण्याहून जुन्नर, तिथून नाणेघाट, आणि शेवटी भंडारदऱ्याच्या काठी तंबू. जमिनीवर नकाशा पसरला आणि पेन्सिली मुलांच्या हाती दिल्या. नियम मोजकेच होते. उजाडता उजाडता निघायचं, दोन तासांहून जास्त सलग गाडी चालवायची नाही, आणि प्रत्येक थांब्यावर मुलांना चढायला, पळायला किंवा शोधायला काहीतरी हवं.

हे तिन्ही जुन्नर परिसरात भरपूर आहे. शिवनेरीचे सात दरवाजे मुलांनी मोजत मोजत पार केले आणि १६३० साली शिवराय जिथे जन्मले, त्या वास्तूपाशी आपणहून चपला काढल्या. गडाच्या पोटात लेणी आहेत. समोरच्या लेण्याद्रीत, मानमोडीत आणि तुळजा लेण्यांतही तेच दृश्य. एका गावाभोवती डोंगरांत इतकं कोरीव काम का, असं धाकटीनं विचारलं. उत्तर व्यापारात आहे. सोपारा आणि कल्याण बंदरांतला माल नाणेघाटाने वर चढायचा, जुन्नरला यायचा आणि पुढे सातवाहनांच्या पैठणकडे जायचा. इथल्या एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद आहे. काही दानकर्ते स्वतःला यवन म्हणवतात. वाटेवर पैसा मिळवणाऱ्यांनी छप्पर आणि पाणी यांवर तो खर्च केला होता.

जुन्नरला मासवडी आणि बाजरीची भाकरी खाऊन आम्ही चावंडच्या बाजूने घाटघरकडे निघालो. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, अशी इथली समजूत. एका बाजूला नानाचा अंगठा, दुसऱ्या बाजूला जीवधन, मधल्या चिंचोळ्या खिंडीतून वाट खाली कोकणात उतरते. मुलांचे हात धरून दगडी फरसबंदीवरून थोडं खाली उतरलं की सातवाहनांची गुहा लागते.

आत भिंतींवर ब्राह्मी लिपीतला दीर्घ लेख आहे. पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिचा हा लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञांची त्यात यादी आहे, आणि प्रत्येकाबरोबर दिलेल्या गायी, हत्ती, घोडे, कार्षापण यांचे आकडे आहेत. एका ठिकाणी दक्षिणा २४,४०० नाण्यांची आहे. हे आकडे लिहिताना शून्य नव्हतं. दहा, शंभर, हजार यांना वेगळी चिन्हं होती. दोनासाठी दोन आडव्या रेघा. थोरल्याला त्या सापडल्या तेव्हा त्यानं बहिणीला खांद्यावर घेऊन दाखवल्या. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आज वर कोरलेली नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. घाटात जागोजागी टाकी खोदलेली आहेत. चढून आलेला माणूस आणि त्याची जनावरं पाण्याशी थांबणार, हे रस्ता आखणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

पुढचा टप्पा ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर असा. वळणांच्या या रस्त्यावर मुलांना पुढचं बघू द्यावं, पोट हलकं ठेवावं आणि कुणाला घाई करू नये. भंडारदऱ्याला प्रवरेवरचं विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं. त्याच्या पाण्यामागे रतनवाडीचं कोरीव अमृतेश्वर मंदिर आणि रतनगड आहे, बाजूला १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई. काठावरचे तंबू गावातलेच लोक लावतात. त्यांच्याकडे उतरलं की तंबूची जागा सुरक्षित असते, पिठलं-भाकरी गरम मिळते आणि पैसे गावात राहतात. हिवाळ्यात काठावर कडाक्याची थंडी पडते, म्हणून कानटोप्या, जाड पांघरुणं, प्रत्येक मुलाला स्वतंत्र विजेरी आणि तंबूखाली अंथरायला जाड ताडपत्री हवीच. पाण्याच्या कडेला मोठं माणूस सोबत असल्याशिवाय मुलांनी जायचं नाही, हे पोहोचताच सांगावं. शेकोटी फक्त यजमान सांगतील तिथेच, आणि निघताना आपला कचरा आपल्या गाडीत.

आळंदीहून पंढरपूरला जाणारी पालखीही मुक्कामांवरच चालते. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण ही नावं वारकऱ्याला अंतरांपेक्षा अधिक जवळची. म्हणून घरी सहल आखताना नकाशावर एखादी जुनी वाट शोधावी : व्यापाऱ्यांची, पालखीची किंवा किल्ल्यांची. तिच्यावर पाणी, सावली आणि रात्रीचा आसरा कुठे, हे आधीच्या लोकांनी ठरवून ठेवलेलं असतं. मुलांना त्या क्रमाने नेलं की इतिहास वेगळा शिकवावा लागत नाही. दमलेल्या पायांनी टाक्याशी बसल्यावर ते कुणी आणि का खोदलं, हा प्रश्न त्यांचा स्वतःचा होतो. आमच्या मुलांनी पुढची सहलही ठरवून टाकली आहे : या वेळी वरून पाहिलेली नाणेघाटाची वाट कल्याणच्या बाजूने, पायथ्यापासून चढायची.