जेवणावरचा चहा

मेथी, माठ, बाजरी यांत लोह असते. पण वनस्पतीजन्य लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. ताटाच्या कडेची लिंबाची फोड इथे खरे काम करते. तिच्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह आतड्याला शोषता येईल अशा रूपात येते. ती आयत्या वेळी पिळावी, कारण शिजवताना हे जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. चहाचे उलट आहे. त्यातली टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात, म्हणून भाकरी-भाजीवर लगेच घेतलेला कपभर चहा त्या जेवणातले बरेच लोह वाया घालवतो. तासाभराने घेतल्यास हा अडथळा पुष्कळ कमी होतो.

लोह कमी पडले की हिमोग्लोबिन घटते. जिना चढताना धाप लागते, दुपारीच अंग गळून जाते, कामात लक्ष लागत नाही. घरातल्या बाईचा हा थकवा कामाचा शीण म्हणून सोडून दिला जातो, हे फार वाईट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. निव्वळ लिंबाने तो बरा होत नाही; रक्त तपासून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्या लागतात, आणि लोहाच्या गोळ्याही चहाबरोबर घ्यायच्या नसतात.