जोंगाने पारगडची वाट

सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाला पेन्शन मिळते आणि चार लोकांत मान मिळतो. सैन्यातून निवृत्त झालेल्या मोटारीच्या वाट्याला मात्र लिलाव तेवढा येतो. आमच्या सौभाग्यवतींचे मामा हे आर्मी सर्व्हिस कोरमध्ये चोवीस वर्षे ड्रायव्हर होते. बेळगावास कायमचे राहावयास आल्यावर त्यांनी अशीच एक लिलावातील मोटार विकत घेतली आणि तिचे कागदपत्र नीट करण्यात जवळजवळ वर्ष घालविले. आळीतील मुलांनी तिला 'रणगाडा' असे नाव ठेवले. तिचे खरे नाव जोंगा.

हे नाव कोणत्याही भाषेतील शब्द नव्हे. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या लांबलचक इंग्रजी नामावळीची आद्याक्षरे जोडून ते तयार झाले असे सांगतात. मूळ गाडी जपानच्या निसान कंपनीची पेट्रोल, म्हणजे इंधन नव्हे, गस्त या अर्थाची. तिचे हक्क घेऊन आपल्या सैन्यासाठी जबलपूरला ती बांधली गेली, आणि १९९९ पर्यंत बांधली जात होती. सहा सिलिंडरचे, ३,९५६ सी. सी. चे इंजिन, पुढे व मागे अखंड लोखंडी आस, त्यांवर बैलगाडीलाही शोभतील असे कमानपाटे, आणि सुखसोय म्हणाल तर नावाला नाही. एका लिटरात चार-पाच किलोमीटर जाईल तर गेली. महिन्याचा हिशेब मांडताना मामींचा चेहरा कसा होत असे, हे आम्ही वाचकांच्या कल्पनेवर सोडतो.

२०१२ सालच्या डिसेंबरात मामांनी ती गाडी विकण्याचे ठरविले. त्यांनी सत्तरी गाठली होती, संध्याकाळनंतर त्यांना नीट दिसत नसे, आणि गिऱ्हाईकही ठरले होते. नाताळापूर्वी गोव्यात अस्नोड्याला धाकट्या बहिणीच्या घरी जावयाचेच होते, तेव्हा अखेरचा प्रवास जोंगानेच करावा, असे त्यांनी जाहीर केले. त्यात कोणाला वावगे वाटले नाही. पण मागाहून म्हणाले, "चोर्ल्याने नाही जायचे, जावईबापू. पारगडावरून मोर्ल्याला उतरायचे."

याचे कारण आम्हांला त्या दिवशी प्रथमच कळले. १९५४ साली, बारा वर्षांचे असताना, मामा आपल्या वडिलांबरोबर याच वाटेने घाट चढून बेळगावास शाळेसाठी आले होते. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज अंमल होता. पुढल्याच वर्षी भारत सरकारने सीमा बंद केली आणि ये-जा दुरापास्त झाली. जुना व्यापारी मार्ग तसा रामघाटाचा, परंतु वडिलांची पारगडावर कोणा घरी ओळख होती व रात्रीचा मुक्काम फुकट होणार होता, म्हणून त्यांनी ही वाट धरली. वडिलांच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक होती. बाप आणि लेक यांनी बरोबर केलेला तो एकच प्रवास. सीमा मोकळी होण्याआधीच वडील वारले, आणि मामा सैन्यात गेले.

पहाटे पाचला आम्ही चौघे निघालो: मामा, सौभाग्यवती, कॉलेजात शिकणारे आमचे चिरंजीव आणि आम्ही. शिनोळी मागे पडली, चंदगड तालुक्याचे रान सुरू झाले आणि इसापूरच्या पुढे धुक्यात पारगड दिसू लागला. हा गड शिवछत्रपतींनी गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवण्यासाठी वसविला, आणि तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा हे त्याचे पहिले किल्लेदार, अशी तेथील परंपरा आहे. मालुसऱ्यांचे वंशज आजही गडावर नांदतात. महाराष्ट्रातील बहुतेक गड ओस पडले. येथे मात्र अंगणात धान्य वाळते आणि भवानीच्या देवळात रोज दिवा लागतो. आम्ही एका घरी चहा घेतला. मोर्ल्याच्या वाटेची विचारपूस करताच घरधनी हसले. तेथे पक्का रस्ता व्हावा म्हणून गावकऱ्यांनी किती वर्षे अर्जविनंत्या केल्या ते त्यांनी सांगितले आणि मग गाडीकडे पाहून म्हणाले, "ही जाईल तितकी जाईल."

गडाखालून कोकणाकडे उतरणारी ती वाट आम्ही पाहिली तेव्हा तिला रस्ता म्हणावयास जीभ रेटेना. वर जांभ्याचा सडा. जांभा हा दगड मोठा फसवा. खाणीतून काढताना तो इतका मऊ की कुऱ्हाडीने तासावा, आणि उघड्यावर ऊनवारा लागला की कठीण होत जातो. पावसाने त्याला भोके पडतात, कडा धारदार होतात, आणि वर सुटलेले खडे चाकाखाली गोट्यांसारखे फिरतात. सडा संपला की दोन्ही बाजूंनी कारवी आणि करवंदीच्या जाळ्या, मध्ये पावसाळी ओहोळाने कोरलेली घळ, आणि त्या घळीत डोक्याएवढाले धोंडे. एके ठिकाणी हत्तीची लीद पडलेली होती. २००२ पासून कर्नाटकातले हत्ती दोडामार्गच्या या रानात येऊ लागले आहेत, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते. लीद ताजी आहे हे मात्र स्वतः पाहिले. सौभाग्यवतींनी जपमाळ काढली.

अशा वाटेवर जोंगा कशी चालते? आमची कल्पना अशी की दांडगी गाडी दांडगाईने चालत असेल. तसे मुळीच नाही. मामांनी चारही चाकांचा दांडा पाडला, दुसऱ्या दांड्याने हलका वेग घातला, टायरांतील थोडी हवा सोडली, आणि मग गाडी माणूस चालतो त्याहूनही सावकाश उतरू लागली. त्यांचा पाय ब्रेकवर नव्हता. उतारावर ब्रेक दाबला की चाक अडते आणि खड्यांवरून घसरते. इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्यावी, आणि क्लचला तर शिवूच नये. चिरंजीवांना चाक धरावयास दिले तेव्हा पहिली आज्ञा झाली ती अंगठ्यांविषयी. "अंगठे आत नको. धोंडा चाकाला लागला की स्टिअरिंग उलटे फिरते, आणि अंगठा मोडूनच थांबते." दुसरी आज्ञा अशी की मोठा धोंडा दोन चाकांच्या मध्ये घेऊ नये, चाकाखालीच घ्यावा, कारण आसाच्या मधोमध डिफरन्शियलचा लोखंडी गोळा लोंबत असतो आणि गाडीचा सर्वांत खाली आलेला भाग तोच. ज्या दगडाला आपण भीत असतो त्याच्यावरच चाक घालावयाचे, हे चिरंजीवांच्या हाताला पटावयास बराच वेळ लागला.

सर्वांत मोठे काम गाडीत बसलेल्याचे नसून पुढे चालणाऱ्याचे असते. ते आमच्या वाट्याला आले. पुढे होऊन दगड पाहावयाचा, हलतो की रुतलेला आहे ते पायाने चाचपावयाचे, आणि उलटे चालत हाताने खूण करावयाची. तासाभरात आमची मान दुखू लागली. एका घळीत पुढचे डावे आणि मागचे उजवे अशी दोन तिरपी चाके अधांतरी उचलली गेली आणि गाडी जागच्या जागी गुरगुरू लागली. चारही चाकांना जोर असताना असे का व्हावे? मामांनी खाली उतरून समजावले. एका आसावरची दोन चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू शकावीत म्हणून तो गोळा असतो, परंतु त्याची खोड अशी की एक चाक मोकळे फिरू लागले की सारी फिरकी त्यालाच मिळते आणि जमिनीवरचे चाक मुकाट बसते. उपाय एकच, अधांतरी चाकाखाली दगड रचणे. लडाखात आपण हे हातमोजे घालून केले, येथे निदान बोटे तरी जाणवतात, असे म्हणत मामांनी पहिला दगड उचलला. आम्ही तिघांनी मिळून अर्धा तास दगड रचले.

तेवढ्यात वरून एक म्हातारे गृहस्थ आले. पायांत रबरी चपला, खांद्याला पिशवी, हातात काठी. आम्ही त्यांना गाडीत बसा म्हटले. त्यांनी गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली आणि विचारले, "पाव्हणं, कुठवर जाणार?" मोर्ल्यापर्यंत, असे आम्ही म्हणालो. "मग मी चालतो. मला भेडशीच्या बाजाराला जायचंय," असे म्हणून ते धोंड्यांवरून टुणटुण उतरत दिसेनासे झाले. जाता जाता मामांजवळ क्षणभर थांबून त्यांनी एवढे मात्र सांगितले की, वरचा आजारी माणूस याच वाटेने चौघांच्या खांद्यावर खाली न्यावा लागतो, आणि खाली दवाखान्यात तो अधिक वाढला की पुढे गोव्याला बांबोळीस.

बाराच्या सुमारास आम्ही त्या पायरीशी आलो. तेथे काळा कातळ आडवा होता आणि वाट एकदम छातीइतकी खाली उतरली होती. डावीकडे दरड, उजवीकडे झाडांच्या शेंड्यांवरून कोकण दिसत होते, आणि दूर तिलारी धरणाचे पाणी चमकत होते. मामा उतरले. "थांबा येथे," म्हणाले, आणि एकटेच कातळावरून बसत-सरकत खाली गेले. चिरंजीव मागे जाऊ लागले तेव्हा सौभाग्यवतींनी त्यांना थांबविले.

पाऊण तास झाला. आम्ही दोनदा हाक मारली. मग मामा वर आले. धोतरजोडीवर प्रेम करणारे ते गृहस्थ नव्हेत, सैन्यातली खाकी पँट गुडघ्यांवर फाटली होती. कपाळाचा घाम पुसून ते बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"उतरेल," ते म्हणाले. "गाडी उतरेल. पण खाली आणखी दोन अशाच आहेत. तिसरीवर अडली, तर तिला वर आणणारे यंत्र येथे नाही. मग लोकांची वाट अडवून ही येथेच गंजत राहणार. चौघांच्या खांद्यावरून माणूस न्यायचा तो मग कोठून न्यायचा?"

आम्ही काही बोललो नाही. चिरंजीवांनी मात्र विचारले, "मामाआजोबा, पण तुम्हांला जायचे होते ना?"

"गेलो की आत्ता," मामा म्हणाले.

गाडी वळविण्यास दीड तास लागला. वाटेची रुंदी गाडीच्या लांबीइतकी जेमतेम. हातभर पुढे, चाकामागे दगड, हातभर मागे, पुन्हा दगड. दगड लावण्याचे काम सौभाग्यवतींनी घेतले आणि प्रत्येक वेळी "लावला!" असे ओरडून सांगितले. चढताना उन्हाने आणि श्रमाने पेट्रोल नळीतच उकळून इंजिन दोनदा बंद पडले. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना हे होतेच. मामांनी पंपावर ओले फडके गुंडाळले, दहा मिनिटे बसावयास सांगितले आणि भाकरी सोडली. ती दहा मिनिटे फार गोड गेली. गडाखालच्या डांबरी सडकेला चाके लागली तेव्हा इतक्या शांततेची आम्हांला सवयच उरली नव्हती.

मग कोदाळीकडून तिलारी घाटाने खाली उतरलो. तो घाटही उताराला थोडाथोडका नाही, पण सकाळच्या वाटेनंतर आम्हांला तो दिवाणखान्यासारखा वाटला. उजेड कमी होऊ लागताच मामांनी गाडी बाजूला घेतली, किल्ली चिरंजीवांच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसले. अंगठे कोठे आहेत ते मात्र वारंवार पाहत होते.

भेडशीच्या बाजारात दिवे लागले होते. चहाच्या दुकानासमोर बाकावर सकाळचे ते म्हातारे गृहस्थ बसलेले. पिशवी भरली होती, आणि म्हापशाहून येणाऱ्या मुलाची ते वाट पाहत होते. जोंगा ओळखून ते उठले.

"आलात का?" त्यांनी विचारले. "कुठल्या वाटेनं?"

मामांनी त्यांच्या शेजारी बाकावर बसकण मारली आणि दोन चहा सांगितले. चहा येईपर्यंत दोघे त्या तीन पायऱ्यांविषयी बोलत होते. त्यांतली मधली सर्वांत वाईट, यावर दोघांचे एकमत झाले.