माप आणि विवेक

घरातील एखादे यंत्र चालेनासे झाले की दोष बहुधा साऱ्या यंत्राला दिला जातो. प्रत्यक्षात काम अडलेले असते ते एखाद्या नखाएवढ्या तुकड्यापाशी. शिवणयंत्रात असा तुकडा म्हणजे फूट. सुईच्या दोन्ही बाजूंनी तो कापड दाबून धरतो आणि खालचे दाते ते कापड पुढे सरकवतात. वरचा दाब आणि खालची ओढ यांचा मेळ बसला तरच टाका सरळ पडतो. साध्या शिलाईचा फूट वेगळा, झिप लावण्याचा वेगळा आणि कापडाची कड आपोआप दुहेरी दुमडून शिवणारा, व्यवहारात ज्याला हेमर म्हणतात, तोही वेगळा. जुन्या यंत्राला लागणारे हे फूट आजही मिळतात. मात्र आपल्या यंत्राचा फूट कोणता, हे ओळखण्याचे काम घरातच करावे लागते.

सांगलीतील एका कुटुंबात हा प्रश्न उभा राहिला तो ऑगस्ट २०१९ च्या महापुरामुळे. कृष्णेचे पाणी चढू लागले तेव्हा मुलाने सिंगर यंत्राचे जड लोखंडी डोके उचलून माडीवर नेले. लाकडी टेबल मात्र खालीच राहिले आणि त्याच्या खणातील फूट ठेवण्याची पत्र्याची डबी पाण्याबरोबर गेली. पुढे टेबल दुरुस्त झाले आणि डोके पुन्हा त्यावर बसले. डोक्यावर चढवलेला साध्या शिलाईचा फूट तेवढा वाचला होता. गेला तो हेमर.

वरवर पाहता ही हानी क्षुल्लक होती. परंतु त्या घरातील सासूबाई वर्षानुवर्षे श्रुतपंचमीसाठी मंदिरातील शास्त्रांची वेष्टने शिवून देत असत. षट्खंडागमाची रचना पूर्ण होऊन त्याची पूजा झाली त्या तिथीच्या स्मरणार्थ ज्येष्ठ शुद्ध पंचमीला शास्त्रभांडारातील ग्रंथ बाहेर काढले जातात, झटकून पुसले जातात आणि स्वच्छ वेष्टनात बांधून पुन्हा ठेवले जातात. वेष्टनाचे कापड सुती असावे, हा सासूबाईंचा आग्रह. रेशमामागची हिंसा त्यांना जिनवाणीच्या अंगावर नको होती. चौरस कापडाची चारही बाजूंची कड बारीक आणि घट्ट दुमडलेली हवी, नाहीतर सुटलेले धागे पानांत अडकतात. पुरानंतर काही वर्षे त्यांनी ही दुमड हाताने घातली. मग हात थरथरू लागला, सुईत दोरा ओवता येईना, आणि एका वर्षी त्यांनी कापडाचा गठ्ठा न बोलता सुनेपुढे ठेवला.

सुनेला हातशिलाई तितकी बारीक साधत नव्हती. यंत्रावर साध्या फुटाने दुमडू गेले तर कड कुठे रुंद, कुठे अरुंद होई. मुलाचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. तो म्हणाला, "आई, हे मशीन आता देऊन टाकू. विजेवरचं नवीन आणू, त्यात सगळे फूट येतात." सासूबाई यावर काही बोलल्या नाहीत. ते यंत्र त्यांनी हप्त्याहप्त्याने घेतले होते, आणि त्याच्यासोबत घरातील आपली उरलीसुरली कामाची जागाही जाईल, हे त्यांना उघड दिसत होते. सुनेने मध्यममार्ग काढला. अक्षय्यतृतीयेनंतर महिनाभर हाती होता. तेवढ्यात हेमर मिळाला तर यंत्र राहील, न मिळाला तर जाईल.

पहिला फूट शिंप्यांच्या सामानाच्या दुकानातून आला. "सिंगरला चालेल" एवढ्या आश्वासनावर तो घेतला होता. बसवल्यावर तो दात्यांना जवळजवळ टेकूनच राहिला आणि खटका वर केला तरी खाली कापड सरकवायला जागा उरेना. तो कारखान्यातील मोठ्या यंत्राचा, उंच दांडीचा फूट होता. दुसरा एका नातेवाइकाने पार्सलने मागवून दिला. त्याची दांडी जुळली. पण तो आडव्या-तिरप्या टाक्याच्या, रुंद दात्यांच्या यंत्रासाठी घडवलेला होता. या जुन्या यंत्राचा टाका फक्त सरळ, दातेही अरुंद. त्यामुळे फुटाच्या कडा दात्यांच्या बाहेर पडत आणि कापड एका बाजूला ओढले जाई. वीतभर शिवण झाली की दुमड सुटे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दोन्ही फूट उत्तम होते. विकणारा खोटे बोलला नव्हता आणि पाठवणाऱ्याने निष्काळजीपणा केला नव्हता. एका यंत्राच्या अपेक्षेने जे योग्य, तेच दुसऱ्याच्या अपेक्षेने निरुपयोगी ठरते. वस्तूला एकांगी दृष्टीने चांगली किंवा वाईट म्हणू नये, ही अनेकांताची शिकवण आपण प्रवचनात ऐकतो. स्वयंपाकघरात आणि शिवणाच्या टेबलावर मात्र ती विसरतो. "चांगला फूट द्या" ही मागणीच अपुरी होती.

पुरी मागणी कशी करावी, हे तिला गणपती पेठेजवळच्या एका वृद्ध मिस्त्रींनी शिकवले. ते म्हणाले, "वहिनी, मशीनचं नाव राहू द्या. जुना फूट काढून आणा आणि माप सांगा." माप घेण्याची रीत सोपी आहे. फूट खाली सोडायचा आणि सुईखालच्या पत्र्यापासून फूट आवळणाऱ्या स्क्रूच्या मध्यापर्यंतची उंची पट्टीने मोजायची. अर्ध्या ते पाऊण इंचाच्या आसपास असेल तर यंत्र आखूड दांडीचे, इंचभर किंवा अधिक असेल तर उंच दांडीचे. सिंगरने १९५० नंतरच्या दशकात काढलेल्या काही यंत्रांत सुई शिवणाऱ्याच्या दिशेने कललेली असते. त्यांची दांडीही कललेली, आणि त्यांना त्यांचाच फूट लागतो. स्क्रू बाजूने येतो की मागून, हेही पाहावे. घरातील यंत्राचे माप अर्धा इंच भरले आणि स्क्रू बाजूचा निघाला. आपल्याकडील बहुतेक काळी पायमशीने, नाव कोणतेही असो, सिंगरच्या पंधरा क्रमांकाच्या रचनेवर बेतलेली आहेत. त्यामुळे हा फूट दुर्मीळ नव्हता, फक्त नीट मागितला गेला नव्हता.

मिस्त्रींच्या बिस्किटांच्या डब्यात तसे चार हेमर होते. त्यांनी चारही तिच्यासमोर तपासले. स्क्रू आवळल्यावर फूट सरळ बसतो का, सुई छिद्राच्या मधोमध उतरते का, फुटाचा तळ दात्यांवर सपाट टेकतो का. पायडलला पाय न लावता चाक हाताने, सावकाश, आपल्याकडे फिरवून पाहायचे. सुई धातूला घासत असेल तर ती मोडण्याआधीच कळते. दोन फूट या कसोटीला उतरले आणि ते दोन्ही घरी दाखवायला मिळाले.

शेवटची निवड सासूबाईंनी केली. त्यांना बारीक दिसत नव्हते. त्यांनी एकेका फुटाच्या वळलेल्या पन्हळीतून बोटाचे टोक फिरवले आणि एक बाजूला ठेवला. "याला आत कंगोरा आहे. तलम कापड फाडील." दुसरा चढवण्यापूर्वी त्यांनी डोक्यावरची तेलाची भोके आणि दात्यांखालची जागा मऊ कुंचल्याने झाडून घ्यायला लावली, बंद यंत्रात कोळी घर करतात, आणि पायडल दाबल्यावर यत्नाचार आठवून उपयोग नाही. मग त्यांनी सांगितले, "कोपरा आधी तिरपा काप, म्हणजे घडी जाड होणार नाही. सुरुवातीला हाताने दुमडून चार टाके घाल, दोऱ्याची शेपटी लांब ठेव आणि त्या शेपटीनेच कापड पन्हळीत ओढून घे." पहिली तीन वेष्टने उसवावी लागली. चौथ्याची कड त्यांनी चारही बाजूंनी चाचपली आणि घडी घालून पाटावर ठेवली. श्रुतपंचमीला अकरा वेष्टने मंदिरात पोहोचली. यंत्र विकण्याचा विषय मुलाने पुन्हा काढला नाही.

अपरिग्रह म्हणजे केवळ नवे न घेणे, असे समजले जाते. परंतु असलेल्या वस्तूची ओळख नसेल तर नवे घेण्याची वेळ वारंवार येते. ज्या घरात जुने यंत्र आहे, तेथे एक साधी गोष्ट आजच करता येईल. दांडीची उंची, स्क्रूची बाजू, टाका सरळ की तिरपा आणि डोक्यावरचा क्रमांक एका कागदावर लिहून तो फुटांच्या डबीत ठेवावा. ती डबी टेबलाच्या खणात न ठेवता उंच फळीवर ठेवावी. आणि जे हात ते यंत्र वर्षानुवर्षे चालवत आले, त्यांना ते कसे चालते हे विचारून घ्यावे. कागदावर न मावणारे पुष्कळ काही त्यांच्या बोटांत असते.