बॅटरी बदलण्याआधी

इंदुरीत माझ्याकडे जुनी जीप येते तेव्हा दुखणं काय, हे मालकाने आधीच ठरवलेलं असतं. “मिस्त्री, दोन महिन्यांपूर्वी नवी बॅटरी टाकली, तरी सकाळी सेल्फ घेत नाही.” चाकणला माल पोचवायचा आणि पहाटे धक्का मारायला माणसं शोधायची म्हटल्यावर कुणीही घाईने बॅटरीच बदलेल. त्या पैशांची मला खरंच हळहळ वाटते.

पान्याआधी मीटर हातात घ्यावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर आलेली. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. बरेच जण इथेच थांबतात. हेडलाइट, वायपर सगळं लावा, रेस थोडी वाढवा आणि मग वाचा. मावळच्या पावसात गाडी चालते ती अशीच.

परवाच्या जीपमध्ये अल्टरनेटरवर १४.१ होते आणि बॅटरीवर १२.४. मीटरची एक वायर अल्टरनेटरच्या बॉडीला टेकवली, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. दीड व्होल्ट! तिथे पाव व्होल्टसुद्धा दिसता कामा नये. इंजिन आणि चॅसिसमधली अर्थिंगची विणलेली पट्टी चिखलाखाली हिरवी पडली होती, बोल्टच्या बुडाशी गंजाचा थर. सेल्फचा करंटही परततो तो याच पट्टीतून. त्यामुळे सकाळी सेल्फ जड, दिवसभर चार्जिंग अपुरं आणि दोन्हींचा आळ बॅटरीवर. पॉलिश पेपर, नवी पट्टी, वरून ग्रीस. अल्टरनेटर खोलावाच लागला नाही.

बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे असतो. त्याचं सील गेलं की ऑइल आत झिरपतं आणि कार्बन बरबटतात. अशा वेळी नुसते कार्बन बदलून गाडी परत देणं मला पटत नाही.

आणि चालू इंजिनवर टर्मिनल काढून चार्जिंग बघण्याची डायनॅमोच्या काळातली रीत आता सोडाच. अल्टरनेटरमध्ये त्या क्षणी व्होल्टेज उसळतं, डायोड जातात. डायोड शॉर्ट झाला तर बंद गाडीतही बॅटरी उतरत राहते. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला, तर आधी टर्मिनल काढा, मग मिस्त्रीला फोन करा.