जोखीम म्हणजे थकबाकी नव्हे

आमच्या आईला वयाच्या ७४व्या वर्षी स्मृतिभ्रंश जडला. पुढील नऊ वर्षांत ती आम्हा भावंडांना एकेक करून विसरली. पेढी सांभाळणाऱ्या दादांना ती शेवटपर्यंत ओळखत असे, पण दुकानाचे शेठ म्हणून. मुलगा म्हणून नव्हे. आता दादा सत्तरीत आहेत, मी सदुसष्ट वर्षांचा. गेल्या महिन्यात पुतण्याने विचारले, "काका, आपण सर्वांनी जनुकीय चाचणी करून घ्यायची का?"

प्रश्न सयुक्तिक होता. एकोणिसाव्या गुणसूत्रावर 'एपीओई' नावाचे जनुक असते. एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. मेद वाहून नेणारे प्रथिन घडविणे हे त्याचे काम. त्याचे मुख्य प्रकार तीन: ई-२, ई-३ आणि ई-४. १९९३ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ई-४ आणि उतारवयातील अल्झायमर यांचा संबंध दाखविला. ई-४ ची एक प्रत असल्यास धोका सुमारे दोन ते तीन पट, दोन असल्यास त्याहून बराच अधिक. हे आकडे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत; सर्व समाजांत त्यांचा प्रभाव सारखा आढळत नाही.

माझी हयात कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. जोखीम म्हणजे थकबाकी नव्हे, हे मी तेथेच शिकलो. ई-४ असूनही नव्वदीत तल्लख असणारी माणसे आहेत आणि ई-४ नसतानाही हा विकार होतो. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसन यांचा जनुकीय आराखडा २००७ साली तयार झाला, तेव्हा नेमकी ही नोंद आपल्यालाही कळू नये, असे त्यांनी सांगून ठेवले होते. त्यांच्या आजीला हा विकार होता.

शिवाय हा निकाल एकट्याचा नसतो. माझ्या दोन्ही प्रती ई-४ निघाल्या, तर माझ्या मुलीकडे एक प्रत आहे हे तिने चाचणी न करताच ठरले. आपल्याकडे सोयरिकी जुळविताना कोणकोणत्या चौकशा होतात, हे वाचकांना सांगावयास नको. म्हणून पुतण्याला एवढेच म्हटले की, आधी समुपदेशकास भेटू, आणि मुलींना विचारल्याखेरीज कोणी नमुना देऊ नये.

माझी खरी काळजी निराळीच होती. पेढीचे बहुतेक व्यवहार दादांच्या मुखत्यारपत्रावर चालतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, मुखत्यारी देणारा मानसिक क्षमता गमावून बसला की ती संपुष्टात येते. म्हणजे ज्या दिवशी कागदाची सर्वाधिक गरज, त्याच दिवशी तो निकामी. नामनिर्देशन मृत्यूनंतरच उपयोगी पडते, आणि मृत्युपत्रही बुद्धी शाबूत असतानाच करता येते. मग पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागतात. चाचणीचा निकाल काहीही येवो, हे कागद आजच करणे श्रेयस्कर.

दादांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "यात आपल्या हातात काही आहे का?" आहे. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली आहेत: रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा, आणि श्रवणदोषही. कानाच्या यंत्राला दादा चार वर्षे नकार देत आले आहेत; गिऱ्हाईक काय म्हणेल, हा त्यांचा मुद्दा. येत्या सोमवारी वकिलांकडे जावयाचे आहे. कान तपासणाऱ्याचा दवाखाना त्याच इमारतीत आहे, हे मी त्यांना अद्याप सांगितलेले नाही.