मूळ फोटो शोधताना

चि. मुक्ता,

राष्ट्रीय अंतराळ दिनाला तू शाळेत चित्रप्रदर्शन मांडते आहेस, हे वाचून फार आनंद झाला.

तू पाठवलेल्यांपैकी एक चित्र मात्र लावू नकोस. चंद्राच्या मातीत राजमुद्रा उमटलेली दिसते ते. २०२३च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ उतरलं तेव्हा ते मोबाइलवर खूप फिरलं, पण ते संगणकावर बनवलेलं आहे. त्याऐवजी ३० ऑगस्टला प्रज्ञान रोव्हरने टिपलेला विक्रम लँडरचा फोटो इस्रोकडून घे. दिसायला साधाच आहे, पण चंद्रावर उभ्या असलेल्या यंत्राने काढलेला आहे.

शोधताना पहिल्या सापडलेल्या चित्रावर थांबू नकोस, त्याचा जन्मदाखला गाठ. नासाच्या बहुतेक ग्रहचित्रांना ‘पीआयए’ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो टाकलास की कुठलं यान, कुठली तारीख, किती अंतर, रंग कसे आले, सगळं मिळतं. व्हॉयेजर-१ने १४ फेब्रुवारी १९९० रोजी सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून टिपलेल्या पृथ्वीचा क्रमांक पीआयए ००४५२. त्यातला प्रकाशाचा पट्टा म्हणजे कॅमेऱ्यात विखुरलेलं ऊन. खालचा मजकूर न वाचणाऱ्याला वाटतं, अवकाशात खरंच तसा झोत आहे. म्हणून फोटोखाली माहिती लिहिल्याशिवाय एकही चित्र भिंतीवर लावू नकोस, असं माझं आग्रहाचं सांगणं.

आणि कच्चे फोटोही बघ, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानाच्या कॅमेऱ्याचे फोटो पट्ट्यापट्ट्यांत येतात, कारण यान स्वतःभोवती फिरत असतं. नासा ते तसेच खुले करते आणि जगभरचे हौशी लोक ते जुळवून रंगीत गुरू उभा करतात. इस्रोची मूळ सामग्रीही ‘प्रदान’ या संकेतस्थळावर नावनोंदणी करून मिळते.

कच्च्या फोटोंतून काय हाती लागतं, ते चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन यांनी दाखवलं. ७ सप्टेंबर २०१९ला चांद्रयान-२च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला आणि तो चंद्रावर आदळला. दहाच दिवसांनी नासाचं चंद्राभोवती फिरणारं एलआरओ यान त्या भागावरून गेलं. पण तिथे संध्याकाळ होत आलेली, सावल्या लांबलेल्या. नासाने ते फोटो सगळ्यांसाठी खुले केले. व्यवसायाने इंजिनिअर असलेल्या या माणसाने जुनी आणि नवी छायाचित्रं शेजारी ठेवून कणाकणाने तपासली आणि आधी नव्हता असा एक उजळ ठिपका शोधून नासाला कळवला. नासाच्या चमूने पुढच्या महिन्यांतल्या फोटोंशी ताडून पाहिलं आणि डिसेंबरमध्ये जाहीर केलं की तो विक्रमचाच तुकडा आहे. मुख्य आघातस्थळापासून साधारण ७५० मीटर वायव्येला. शोधाचं श्रेयही नाव घेऊन त्यांना दिलं. यासाठी त्यांना ना कुठल्या वेधशाळेची परवानगी लागली, ना मोठी दुर्बीण. फोटो खुले होते आणि बघणाऱ्याकडे चिकाटी होती. हे मुलांना आवर्जून सांग.

प्रदर्शनात आघाताआधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी शेजारी लाव. नंतरचं ११ नोव्हेंबर २०१९चं घे, त्यात प्रकाश चांगला आहे. मोठं छापून घे, बाण काढू नकोस, बाजूला दोन भिंगं ठेव. सातवीच्या मुलांना आपलं आपण शोधू दे. कोणाला आधी सापडतं ते मला कळव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा